वितरण आणि रूपबंध : छोट्या अमेरिकन कॉमिक्स-प्रकाशनांच्या संदर्भात

१

वाङ्मयकृतीचा विचार लेखक, संहिता आणि वाचक या तीन घटकांच्या आधारे करण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. संहितानिष्ठ समीक्षेने लेखकाला बाजूला सारले, वाचकनिष्ठ समीक्षेने वाचकाला केंद्रस्थानी आणले. परंतु लेखकाच्या हातून सुटलेली संहिता वाचकाच्या हाती कोणत्या वाटेने पोचते, हा प्रश्न दोन्ही पक्षांनी ग्रंथव्यवसायाच्या अभ्यासकांवर सोपवला. रोबेर एस्कार्पी यांनी १९५८ साली साहित्याच्या समाजशास्त्राची मांडणी करताना सुशिक्षितांचे आणि सामान्यजनांचे अशी वितरणाची दोन वर्तुळे वेगळी केली. रॉबर्ट डार्न्टन यांनी १९८२ साली ग्रंथेतिहासाचा आराखडा मांडताना लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूकदार, विक्रेता आणि वाचक यांना एकाच संज्ञापनवर्तुळात बसवले. या दोन्ही मांडण्या महत्त्वाच्या आहेत. तथापि त्यांत वितरण हे संहितेभोवती फिरत राहते. ते संहितेत शिरते काय, आणि शिरत असल्यास तिच्या रूपबंधात त्याच्या खुणा कोठे शोधाव्यात, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

कादंबरी किंवा कविता यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड असते. कारण तेथे शब्द एका मुद्रणातून दुसऱ्या मुद्रणात जवळजवळ अबाधित जातो. चित्रकथेची गोष्ट वेगळी आहे. चौकट, पान, समोरासमोरचे जोडपान आणि अंक ही तिच्या रचनेची एकके आहेत, आणि त्यांपैकी पान व अंक ही तिच्या छपाईची आणि विक्रीचीही एकके आहेत. बावीस पानांच्या मासिक अंकात कथेचा एक तुकडा कोठे तोडायचा, हा निर्णय एकाच वेळी कलेचा आणि व्यवहाराचा असतो. म्हणूनच वितरण आणि रूपबंध यांचा संबंध तपासण्यासाठी चित्रकथेइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही.

अमेरिकेतील छोट्या कॉमिक्स-प्रकाशनांपुढे २०१०नंतरच्या काळात जो पेच उभा राहिला, तो सामान्यतः अर्थकारणाचा पेच म्हणून सांगितला जातो. स्थानिक कॉमिक्सच्या दुकानांवर विसंबावे तर वाचकवर्ग मर्यादित राहतो. पडद्यावर अंक विकावेत तर दुकानदार दुखावतो आणि मागणी घटवतो. ही मांडणी चुकीची नाही, पण अपुरी आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे, की दुकान आणि पडदा यांनी या कलेचे दोन वेगळे रूपबंध घडवले आहेत आणि मूल्यनिर्णयाच्या दोन वेगळ्या जागा निर्माण केल्या आहेत. छोटा प्रकाशक जो समतोल साधू पाहतो तो या दोन मूल्यनिर्णयांमधला असतो. जमाखर्चाचा समतोल हे त्याचे केवळ दृश्य रूप होय.

२

१९७०च्या सुमारापर्यंत अमेरिकेत कॉमिकचे अंक वृत्तपत्रांच्या स्टॉलवर, औषधांच्या आणि किराणा मालाच्या दुकानांत विकले जात. हा व्यवहार परतीच्या बोलीवर चाले. न खपलेल्या अंकाचे पैसे विक्रेत्याला परत मिळत असल्यामुळे कोणता अंक कोणी लिहिला आणि कोणी काढला, याकडे लक्ष देण्याचे त्याला काही कारण नव्हते. मराठी वाचकाला ही व्यवस्था अपरिचित नाही. १९६४ ते १९९० या काळात निघालेली इंद्रजाल कॉमिक्स त्याने पाहिली ती रेल्वे स्थानकांवरच्या आणि रस्त्याकडेच्या स्टॉलवर, वर्तमानपत्रे आणि साप्ताहिके यांच्या शेजारी. अशा विक्रीत पुढचा अंक मिळेलच याची शाश्वती नसते. साहजिकच प्रत्येक अंक स्वयंपूर्ण असावा, नायकाची ओळख नव्याने करून द्यावी आणि अखेरीस सारे काही पूर्ववत व्हावे, हा संकेत दृढ होतो. ज्याला लोकप्रिय चित्रकथेचे बालिशपण म्हटले गेले, त्यातील बराच भाग या अनिश्चित वितरणाने लादलेला होता.

१९७३च्या सुमारास ब्रुकलिनमधील इंग्रजीचे शिक्षक आणि कॉमिक्स-संमेलनांचे संयोजक फिल स्यूलिंग यांनी प्रकाशकांशी एक वेगळा करार केला. विशेष दुकानांनी अंक अधिक सवलतीने घ्यावेत, पण बिनपरतीच्या बोलीवर, असे या कराराचे स्वरूप होते. यातूनच पुढे 'डायरेक्ट मार्केट' या नावाने ओळखली जाणारी व्यवस्था उभी राहिली. तिची कार्यपद्धती साधी आहे. प्रकाशक येऊ घातलेल्या अंकांची माहिती वितरकाच्या मासिक सूचीत देतो. दुकानदार अंक निघण्याच्या सुमारे दोन महिने आधी मागणी नोंदवतो, आणि मागणीच्या बेताने प्रती छापल्या जातात. छापलेल्या प्रती परत येण्याचे भय नसल्यामुळे अगदी थोड्या भांडवलावर प्रकाशन करणे शक्य झाले. डेव्ह सिम यांचे 'सेरेबस' डिसेंबर १९७७मध्ये, वेंडी व रिचर्ड पिनी यांचे 'एल्फक्वेस्ट' १९७८मध्ये, फँटाग्राफिक्सने काढलेले हर्नांडेझ बंधूंचे 'लव्ह अँड रॉकेट्स' १९८२मध्ये आणि केव्हिन ईस्टमन व पीटर लेअर्ड यांनी सुमारे तीन हजार प्रती छापून आणलेले 'टीनेज म्यूटंट निन्जा टर्टल्स' १९८४मध्ये सुरू झाले, ते या व्यवस्थेच्या आधारावर.

या व्यवस्थेने रूपबंधात काय घडवले, हे 'सेरेबस'वरून स्पष्ट होते. ही मालिका तीनशे अंकांची असेल असे सिम यांनी ती सुरू असतानाच जाहीर केले होते आणि २००४मध्ये ती तीनशेव्या अंकाने पूर्ण झाली. सव्वीस वर्षांच्या आयुष्याचा असा करार एका लेखक-चित्रकाराला करता आला, याचे कारण दुकान मागील अंक पेट्यांमध्ये जपून ठेवत होते आणि नियमित ग्राहकासाठी पुढील अंक बाजूला काढून ठेवत होते. दुकान हे येथे कथेच्या स्मृतीचे स्थान बनते. 'लव्ह अँड रॉकेट्स'मधील मॅगी आणि होपी या पात्रांचे वय वाचकाच्या वयाबरोबर वाढत जाते. त्यांच्या पंचविशीचा अर्थ कळण्यासाठी त्यांची सतरा-अठराव्या वर्षांची कथा कोठेतरी उपलब्ध असावी लागते. या मालिकेचा आकारही वितरणाबरोबर बदलत गेला. १९९६पर्यंत ती मोठ्या, मासिकाच्या आकारात निघाली. २००१पासून ती नेहमीच्या कॉमिकच्या आकारात आली, २००८पासून वार्षिक पुस्तकाच्या रूपात ग्रंथविक्रेत्यांकडे गेली आणि २०१६मध्ये पुन्हा मासिकाच्या आकाराकडे वळली. एकाच कथाविश्वाचे हे चार देह आहेत, आणि प्रत्येक देह विशिष्ट मांडणीवर, विशिष्ट ग्राहकापुढे उभे राहण्यासाठी घेतलेला आहे.

परंतु या व्यवस्थेचा सर्वांत महत्त्वाचा परिणाम दुकानदाराच्या भूमिकेत दिसतो. बिनपरतीच्या बोलीमुळे तो विक्रेता राहत नाही. जी संहिता अद्याप छापली गेलेली नाही, तिच्यावर तो स्वतःचे पैसे लावतो. सूचीतील चार ओळी, मुखपृष्ठाचे छोटे चित्र, लेखकाची पूर्वीची कामगिरी आणि आपल्या गिऱ्हाइकांची नावानिशी ओळख, एवढ्या सामग्रीवर तो निर्णय घेतो. वाचकमीमांसेने ज्या 'अभिप्रेत वाचका'ची चर्चा केली तो संहितेच्या आत असतो. हा दुकानदार संहितेच्या आधी उभा असतो. त्याला 'पूर्ववाचक' म्हणता येईल. त्याचा होकार ही त्या कृतीवर झालेली पहिली समीक्षा होय, आणि ती चुकली तर किंमत त्यालाच मोजावी लागते. जेरार जेनेत यांनी १९८७मध्ये मुखपृष्ठ, शीर्षक, प्रस्तावना इत्यादींना संहितेचा उंबरठा मानले. त्याच अर्थाने येथे दुकानदार उंबरठ्यावर असतो. फरक एवढाच, की हा उंबरठा कोणाला आत घ्यायचे हेही ठरवतो.

३

या पूर्ववाचकाचे गौरवीकरण करण्याचे मात्र कारण नाही. 'टर्टल्स'च्या अनपेक्षित यशानंतर कोणतेही कृष्णधवल कॉमिक उद्या मौल्यवान ठरेल, या आशेने दुकानदारांनी भरमसाट मागण्या नोंदवल्या आणि १९८६-८७मध्ये तो फुगा फुटला. अनेक छोटी प्रकाशने त्याबरोबर बुडाली. म्हणजे ज्याला येथे वाङ्मयीन पैज म्हटले ती सट्ट्यात रूपांतरित होऊ शकते. दुसरी मर्यादा अधिक खोल आहे. दुकानदार आपल्या गिऱ्हाइकांना ओळखतो. पण जो कधी दुकानात आलाच नाही त्याला तो ओळखत नाही. महानायकांच्या मालिका जमवणारा पुरुष संग्राहक हा या दुकानांचा नेहमीचा ग्राहक राहिला. स्त्रिया, मुले आणि अन्य प्रकारच्या कथांचे वाचक दीर्घकाळ उंबरठ्याबाहेर राहिले. वाचक नाही म्हणून मागणी नाही, आणि मागणी नाही म्हणून पुस्तक नाही, असे हे चक्र होते.

तिसरी मर्यादा केंद्रीकरणाची. १९९४च्या अखेरीस मार्व्हलने हीरोज वर्ल्ड ही वितरणसंस्था विकत घेऊन आपले अंक फक्त तिच्यामार्फत देण्याचे ठरवले. उरलेल्या मोठ्या प्रकाशकांनी डायमंडशी करार केले, १९९६मध्ये डायमंडने कॅपिटल सिटी ही प्रतिस्पर्धी संस्था घेतली आणि १९९७मध्ये मार्व्हलही डायमंडकडे आले. दोन-तीन हजार दुकानदारांचे स्वतंत्र निर्णय आता एकाच सूचीतून जाऊ लागले. २००९मध्ये डायमंडने एका शीर्षकामागील किमान मागणीची मर्यादा दीड हजार डॉलरवरून अडीच हजार डॉलरवर नेली. ज्या कृतीला देशभरात विखुरलेले काही शे वाचक होते, ती त्यांच्यापर्यंत पोचण्याची शक्यता एका आकड्याने संपली. तोवर दुकानदार तिला नाकारू शकत होता; आता त्याला नाकारण्याचीही संधी उरली नाही.

पडद्यावरील चित्रकथेकडे छोटे प्रकाशक वळले ते या पार्श्वभूमीवर. स्कॉट मॅक्लाउड यांनी २०००मध्ये 'रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स' या पुस्तकात पानाच्या कडा नसलेल्या अमर्याद पटाची आणि वाचकाने थेट लेखकाला द्यावयाच्या अल्पशा मोबदल्याची कल्पना मांडली. २००३मध्ये 'द राइट नंबर' ही चित्रकथा पंचवीस सेंटला देऊन त्यांनी तिचा प्रयोगही केला. परंतु पैसे स्वीकारणारी बिटपास ही सेवाच २००७मध्ये बंद पडली. याउलट फिल आणि काया फोग्लिओ यांनी अधिक व्यवहारी मार्ग धरला. त्यांची 'गर्ल जीनियस' ही मालिका २००१पासून छापील अंकांत निघत होती. २००५मध्ये त्यांनी सुटे अंक थांबवले, पाने आठवड्यातून तीनदा विनामूल्य पडद्यावर आणली आणि विक्री संकलित खंडांची ठेवली. येथे पडदा हे वाचनाचे आणि पुस्तक हे जतनाचे साधन बनले. याचा परिणाम रचनेवरही झाला. एकेका दिवशी एकच पान वाचले जाणार असल्याने प्रत्येक पानाला स्वतःचा कळस लागतो, आणि तीच पाने खंडात सलग वाचताना त्या कळसांची गती वाचकाला जाणवत राहते.

कॉमिक्सॉलॉजी ही संस्था २००७मध्ये निघाली आणि २००९मध्ये तिचे अ‍ॅप आले, तेव्हा पानाचा प्रश्न नव्याने उपस्थित झाला. भ्रमणध्वनीच्या लहान पडद्यावर छापील पान मावत नाही, म्हणून या अ‍ॅपने चौकटीमागून चौकट मोठी करून दाखवण्याची पद्धत योजली. थिएरी ग्रोएन्स्टीन यांनी १९९९मध्ये चित्रकथेचे तत्त्व सांगताना प्रतिमांच्या परस्परबद्धतेवर भर दिला होता: चित्रकथेतील कोणतीही चौकट एकटी नसते, ती एकाच वेळी शेजारच्या, वरच्या, समोरच्या पानावरच्या चौकटींसह दिसत असते. डोळा चौकट वाचतो तेव्हा पानही पाहत असतो. चौकटी एकामागून एक दाखवणारा पडदा ही समकालिकता मोडतो आणि चित्रकथेला चलच्चित्राच्या दिशेने ढकलतो. चौकटींमधील मोकळ्या जागेत वाचकाने करावयाची पूर्ती आता बोटाच्या एका स्पर्शात उरकते. पानाच्या तळाशी रहस्य ठेवून पान उलटल्यावर ते उलगडणे, जोडपानावर दृश्य पसरणे, या छापील रूपातील युक्त्या येथे निष्प्रभ होतात. मोठ्या प्रकाशकाचे यात फारसे बिघडत नाही, कारण त्याचे भांडवल पात्रात असते. छोट्या प्रकाशकाचे भांडवल अनेकदा पानाच्या रचनेतच असते.

आर्थिक बाजूचाही येथे थोडक्यात उल्लेख करणे इष्ट ठरेल. छापील अंकाच्या किमतीपैकी सुमारे चाळीस टक्के रक्कम वितरकाकडून प्रकाशकाला मिळते आणि तीतून छपाईचा खर्च जातो. कॉमिक्सॉलॉजीने २०१३मध्ये स्वतंत्र लेखक-चित्रकारांसाठी आपले दार उघडले तेव्हा अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीचा तीस टक्क्यांचा वाटा वजा जाता उरलेल्या रकमेचे निम्मे लेखकाला मिळत असे. छपाईचा खर्च टळतो हे खरे, तथापि प्रतीमागील वाटा सुमारे पस्तीस टक्के उरतो आणि तोही बहुधा कमी किमतीवर. मध्यस्थ नाहीसा होईल ही अपेक्षा फलद्रूप झाली नाही; केवळ मध्यस्थ बदलला.

४

रूपबंध, वितरण आणि आशय या तिन्हींचा परस्परसंबंध ज्या एका कृतीत सर्वांत स्पष्टपणे पाहता येतो, ती ब्रायन के. व्हॉन आणि मार्कोस मार्टिन यांची 'द प्रायव्हेट आय'. मार्च २०१३ ते मार्च २०१५ या काळात तिचे दहा अंक 'पॅनेल सिंडिकेट' या त्यांच्या स्वतःच्या प्रकाशनाने केवळ पडद्यावर आणले. किंमत वाचकाने ठरवायची होती, शून्यही चालणार होती. फाइलवर कोणतेही कुलूप नव्हते. मुंत्सा व्हिसेंते यांच्या रंगयोजनेसह निघालेले हे अंक इंग्रजीबरोबरच स्पॅनिश आणि कॅटलन भाषांतही उपलब्ध होते. मार्टिन यांनी पान आडवे घेतले, संगणकाच्या पडद्याइतके. त्यामुळे चौकटी तोडून दाखवण्याची गरज पडली नाही. अख्खे पान एका दृष्टिक्षेपात मावले. पडद्यासाठी पान मोडण्याऐवजी पडद्याच्या मापाचे पान निर्माण करणे, हा या प्रयोगाचा रूपविषयक निर्णय होता.

कथेचा काळ २०७६. कधीकाळी महाजालात साठवलेली प्रत्येक व्यक्तीची गुपिते एकाएकी उघडी पडली, आणि त्या आघातानंतर समाजाने महाजालाचाच त्याग केला. आता माणसे मुखवटे घालून वावरतात. खरा चेहरा आणि खरे नाव ही सर्वांत जपण्याची वस्तू झाली आहे. पत्रकारच पोलिसांचे काम करतात. या जगात लोकांची गुपिते टिपणारा एक चोरटा छायाचित्रकार हा कथेचा नायक आहे. महाजाल नसलेल्या जगाची ही कथा महाजालाखेरीज वाचताच येत नव्हती, ही विसंगती लेखकद्वयाच्या ध्यानात नसेल असे मानणे कठीण. वाचक ती वाचण्यासाठी ज्या साधनाचा उपयोग करतो त्याच साधनाविषयी ती त्याला अस्वस्थ करते. येथे वितरणाचे माध्यम हे आशयाचा भाग बनते, आणि या लेखाच्या आरंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाला होकारार्थी उत्तर मिळते.

पुढचा भाग तितकाच अर्थपूर्ण आहे. 'द वॉकिंग डेड'चे लेखक रॉबर्ट कर्कमन यांच्याशी झालेल्या समझोत्यानुसार इमेज कॉमिक्सने २०१५मध्ये 'द प्रायव्हेट आय' छापील पुस्तकाच्या रूपात आणले, आणि त्याच्या बदल्यात व्हॉन-मार्टिन यांनी 'द वॉकिंग डेड'च्या विश्वातील एक कथा २०१६मध्ये पॅनेल सिंडिकेटवर दिली. ती कथा २०२०मध्ये, साथीच्या काळात अडचणीत आलेल्या दुकानांना हातभार लागावा या हेतूने, स्वतंत्र पुस्तक म्हणून छापली गेली. छापील 'प्रायव्हेट आय' आडवेच राहिले. दुकानाच्या उभ्या मांडणीत ते गैरसोयीचे आहे. पण पडद्याने दिलेले माप ते टाकू शकत नव्हते. ज्या कथेत गुपिते साठवणारा महामेघ फुटला, तिला अखेर कागदाचा आश्रय घ्यावा लागला, आणि कागदावर आल्यावर तिचा अर्थ बदलला. पडद्यावर ती इशारा होती. दुकानात ती महाजालोत्तर जगातून आलेली वस्तू वाटते. दोन वितरणांनी एका संहितेचे दोन अर्थ घडवले असे म्हटले तर ते वावगे होणार नाही.

या उदाहरणाला एक आक्षेप संभवतो. व्हॉन हे अगोदरच प्रस्थापित लेखक होते. त्यांचे नाव नसते तर शून्य किंमत ठरवण्याची मुभा असूनही किती वाचक त्या दहा अंकांपर्यंत पोचले असते? हा आक्षेप रास्त आहे, आणि तो नेमक्या जागी बोट ठेवतो. पडदा सर्वांना आत घेतो. पण आत आलेल्या अपरिचिताकडे कोणाचे लक्ष वेधावे, हे सांगणारा पूर्ववाचक त्याच्यापाशी नाही. त्या जागी विक्रीच्या क्रमवारीचे यंत्र असते. यंत्राची शिफारस आधी घडलेल्या विक्रीवर उभी असते. जे अजून विकलेच गेले नाही त्याविषयी ते मौन पाळते, आणि त्याच्या निवडीत त्याचे स्वतःचे काहीही पणाला लागलेले नसते.

५

दुकान आणि पडदा यांच्या संघर्षाचा काळ म्हणून २०११ या वर्षाकडे पाहिले जाते. त्या वर्षी आर्चीने आणि त्यापाठोपाठ डीसीने आपले अंक दुकानात आणि पडद्यावर एकाच दिवशी आणले. वर्षाच्या अखेरीस डार्क हॉर्सने तोच मार्ग धरला तेव्हा पडद्यावरील अंक स्वस्त असेल अशी समजूत पसरली, दुकानदारांनी मागणी घटवण्याचा इशारा दिला, आणि किंमत छापील अंकाइतकीच राहील असा खुलासा संस्थेला करावा लागला. डार्क हॉर्सचे संस्थापक माइक रिचर्डसन हे स्वतः ओरेगनमधील दुकानदार होते. दुकानाच्या कमाईतून १९८६मध्ये त्यांनी प्रकाशन सुरू केले होते. पूर्ववाचकाला दुखावण्याचे मोल त्यांच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार?

परंतु या काळातील छोट्या प्रकाशनांचा व्यवहार पाहिला तर संघर्षापेक्षा क्रमव्यवस्था अधिक दिसते. क्रिस रॉबर्सन आणि ॲलिसन बेकर यांनी २०१२मध्ये सुरू केलेले मंकीब्रेन हे प्रकाशन प्रथम पडद्यावरच अंक आणत असे. पॉल टोबिन आणि कॉलीन कूव्हर यांच्या त्याच प्रकाशनाच्या 'बँडेट'ला २०१३चे आयझ्नर पारितोषिक मिळाले, आणि त्यानंतर डार्क हॉर्सने ती पुस्तकरूपात दुकानांत आणली. येथे पडद्यावरचे वाचन हे दुकानदाराच्या निर्णयाला पुरावा पुरवते. त्याची पैज कमी आंधळी होते. मार्क वेड यांनी २०१२मध्ये पडद्यावरील चित्रकथांसाठी 'थ्रिलबेंट' काढले आणि २०१३मध्ये इंडियाना राज्यातील मन्सी येथील एका कॉमिक्सच्या दुकानात भागीदारी घेतली. एकाच व्यक्तीने दोन्ही बाजू पत्कराव्यात, यातून त्या बाजू परस्परविरोधी नाहीत एवढे तरी सूचित होते. लोकवर्गणीतून निघणारी पुस्तके ही तिसरी वाट. मराठी ग्रंथव्यवहारातील 'प्रकाशनपूर्व सवलत' या जुन्या पद्धतीशी तिचे नाते आहे. तीत पूर्ववाचकाची जबाबदारी खुद्द वाचक पत्करतो.

या दृष्टीने २०२०चा वसंत निर्णायक ठरतो. एप्रिलच्या आरंभापासून डायमंडने नवे अंक पाठवणे थांबवले आणि २० मेपर्यंत ते थांबलेलेच राहिले. दुकाने बंद होती, पडदा उघडा होता. दुकान हा केवळ विक्रीचा एक मार्ग असता तर प्रकाशकांनी दुसऱ्या मार्गाने अंक पाठवले असते. प्रत्यक्षात अनेक प्रकाशकांनी नवे अंक केवळ पडद्यावर आणण्याचे टाळले आणि दुकाने उघडेपर्यंत वाट पाहिली. यात दुकानदारांच्या रोषाचे भय होते, तसेच आपल्या कृतीचा पहिला निर्णायक तेथे आहे याची जाणीवही होती. दुकान बंद असताना अंक काढणे म्हणजे परीक्षकाविना परीक्षा देण्यासारखे होते.

६

दुकान जपते आणि पडदा पसरवतो, असा एक सोयीस्कर निष्कर्ष येथे काढता येईल. पण अलीकडच्या घटना त्याला पुष्टी देत नाहीत. ॲमेझॉनने २०१४मध्ये कॉमिक्सॉलॉजी विकत घेतली. त्याच वर्षी इमेज, टॉप शेल्फ, मंकीब्रेन आदी काही प्रकाशकांनी आपल्या अंकांच्या कुलूप नसलेल्या प्रती वाचकांना देऊ केल्या, ही गोष्ट त्यांच्या दूरदृष्टीची द्योतक होती. कारण २०२२मध्ये ही सेवा किंडलमध्ये मिसळली गेली आणि डिसेंबर २०२३मध्ये तिचे स्वतंत्र अ‍ॅप बंद झाले. २०२५मध्ये डार्क हॉर्सनेही आपले पडद्यावरील दुकान बंद केले. वाचकाने विकत घेतले होते ते पुस्तक नव्हते, वाचनाची अनुमती होती, हे तेव्हा उघड झाले. मात्र त्याच २०२५च्या जानेवारीत डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. मोठे प्रकाशक अगोदरच अन्य वितरकांकडे गेले होते: डीसी २०२०मध्ये, मार्व्हल २०२१मध्ये. मागे राहिलेल्या छोट्या प्रकाशकांच्या प्रती, विक्री होईपर्यंत मालकी प्रकाशकाचीच या बोलीवर, डायमंडच्या गोदामांत होत्या. त्या विकून धनकोंची देणी भागवता येतील काय, यावर न्यायालयात वाद झाला. कुलूपबंद फाइल आणि कुलूपबंद गोदाम यांत छोट्या प्रकाशकाच्या दृष्टीने फारसा भेद उरला नाही.

यावरून असे दिसते, की मूल्य दुकानात किंवा पडद्यात अंगभूत नसते. दुकानाचे मूल्य निर्णयाच्या बहुलतेत आहे: हजारो पूर्ववाचक स्वतंत्रपणे, आपापल्या जोखमीवर, एखाद्या अपरिचित कृतीला होकार देऊ शकतात. पडद्याचे मूल्य उंबरठा नसण्यात आहे: ज्याला कोणीही होकार दिला नाही त्यालाही वाचक भेटू शकतो. हे दोन्ही निर्णय एकाच वितरकाच्या सूचीतून किंवा एकाच कंपनीच्या अ‍ॅपमधून जाऊ लागले, की दुकानाची बहुलता आणि पडद्याचा मोकळेपणा दोन्ही नष्ट होतात. छोटा प्रकाशक दोन्ही दगडांवर पाय ठेवतो याची अनेकदा थट्टा होते. वस्तुतः त्याची ती अनिश्चितताच या कलेच्या विविधतेचे रक्षण करत आली आहे.

मराठी समीक्षेच्या दृष्टीने या विवेचनातून एक प्रश्न पुढे येतो. साठोत्तरी लघुनियतकालिकांच्या बंडखोरीची चर्चा मराठीत विपुल झाली. ती हातोहात वाटली गेली, टपालाने पाठवली गेली, प्रस्थापित विक्रीव्यवस्थेबाहेर राहिली, हेही नोंदले गेले. परंतु त्या वितरणाने त्यांतील कवितेच्या रूपावर, तिच्या पानावरच्या मांडणीवर, तिने गृहीत धरलेल्या वाचकावर काय संस्कार केले, याची चिकित्सा त्या प्रमाणात झालेली नाही. वितरण हे संहितेच्या बाहेर संपत नाही, हे चित्रकथेच्या बाबतीत पान मोजून दाखवता येते. शब्दप्रधान वाङ्मयात ते दाखवणे अधिक कष्टाचे आहे. तेथेही आरंभ त्याच प्रश्नापासून करावा लागेल: कृती वाचली जाण्यापूर्वी तिच्यासाठी कोणी, कोठे आणि स्वतःचे काय पणाला लावून होकार दिला होता?